गुंतीनो कोणाचा?

सोमाली स्त्रिया खांद्यावर गाठ मारून कमरेभोवती गुंडाळतात ते 'गुंतीनो' वस्त्र म्हणजे आपल्या साडीचीच नक्कल, असे आमचे काही मित्र अभिमानाने सांगतात. साम्य म्हणजे मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे! इ. स. १३३१ मध्ये मोगादिशूस गेलेल्या इब्न बतूताने, त्या नगराच्याच नावाने ओळखले जाणारे तेथील अप्रतिम कापड मिसर देशापर्यंत जात असल्याचे नमूद केले आहे. हिंदी कापडही त्या किनाऱ्यावर उतरत असे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जे विणकर स्वतःच्या मागावरचा माल परदेशी धाडीत होते, त्यांच्या लेकीसुनांस वस्त्र नेसावयास आम्ही शिकविले, हे म्हणणे निव्वळ उद्दामपणाचे होय. पुराव्याचा भार वादीवर असतो. आमच्या मित्रांनी अद्याप एकही कागद पुढे केलेला नाही.