पहिला प्रश्न कोणता?

कन्या उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस निघाली की घरातील वडीलधारी मंडळी एका गोष्टीने निश्चिंत असतात : आपल्या घरात मद्याला थारा नाही. हा संस्कार मोलाचाच. परंतु पेयात गुंगीचे औषध मिसळणाऱ्यास मद्याचाच पेला लागतो असे नाही. फळांचा रस, सरबत, कॉफी, फार काय, पाण्याची उघडी बाटलीही त्यास पुरते. असे औषध कित्येकदा चवीने वा वासाने ओळखू येत नाही. आणि पेला पुढे करणारा हात परिचिताचाही असू शकतो.

म्हणून मुलींनी आपले पेय स्वतः घ्यावे, बाटली आपल्यासमोर उघडून घ्यावी आणि नजरेआड राहिलेले पेय पुन्हा ओठी लावू नये. मैत्रिणींनी सोबत जावे, सोबतच परतावे. एखादीला अकस्मात चक्कर आली, जीभ जड झाली, पायांतील बळ गेले, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नये. घरी पोहोचविण्याची तत्परता दाखविणाऱ्या अल्पपरिचिताच्या हाती तर मुळीच देऊ नये. ११२ या क्रमांकावर साहाय्य मागून त्वरित रुग्णालय गाठावे. काही औषधांचा अंश लघवीतून सुमारे १२ तासांतच नाहीसा होतो. तपासणीस विलंब झाला की पुरावा हातचा जातो.

कायदा अशा मुलीच्या पाठीशी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ नुसार गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचा पदार्थ देणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुंगीत दिलेला होकार कायदा संमती मानीत नाही. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. अत्याचारपीडितेवर शासकीय वा खासगी रुग्णालयाने विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे, आणि तिचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे.

इतके असूनही अनेक मुली मौन पत्करतात. "घरी काय म्हणतील? शिक्षण थांबेल, लग्न अडेल," हे भय पोलीस ठाण्याच्या पायरीपेक्षा अवघड ठरते. त्या मौनाचा लाभ केवळ अपराध्यास होतो. दोष विष कालविणाऱ्याचा. पिणारीचा कदापि नाही.

अपरात्री कन्येचा फोन आला, तर "तू तेथे गेलीसच का?" हा प्रश्न पित्याने गिळून टाकावा. "बेटा, कोठे आहेस? आम्ही निघालो," हेच पहिले शब्द तिच्या कानी पडावेत. आणि तसेच घडेल, हा विश्वास तिला घर सोडतानाच दिलेला असावा.