‘शाया’ लिहिणाऱ्या पोराची बाजू
आमच्या गावाचं नाव ‘चांदूर’. पण ‘चांदुरात’ लिहायचं झालं की तोच दू ह्रस्व होतो. का, ते चौथीतल्या पोराला विचारून पाहा. बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आधी ध्वनी, मग त्याची खूण, मग शब्द अशा ठरलेल्या क्रमानं वाचन-लेखन शिकवणं ही इंग्रजी शाळांची चैन आहे, असं मानणाऱ्यांशी माझा वाद आहे.

त्यांचा नेहमीचा आक्षेप असा : मराठी बोलतो तशीच लिहितो, तिला ‘फोनिक्स’ कशाला? खरंच तशी लिहितो का? ‘सरबत’मधला र आपण पुरता उच्चारत नाही. चमच्यातला च वेगळा, चहातला वेगळा. ‘कि’ची वेलांटी ऐकू येते क नंतर, काढावी लागते क आधी. ‘सूर्य’मधला र कानाला य आधी लागतो, डोळ्याला मात्र य च्या डोक्यावर दिसतो.

त्यातून आमचा वऱ्हाड. इथल्या घरात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, शाळेला ‘शाया’, पाण्याला ‘पानी’. पहिलीतलं पोर ऐकतं तसं ‘शाया’ लिहितं आणि वहीवर लाल फुली येते. मला त्या फुलीचा संताप येतो. पोराचा कान चुकलेला नाही. त्यानं आईच्या तोंडचा शब्द इमानानं उतरवला आहे. घरी जिथं ‘य’ म्हणतो, तिथं पुस्तकात पुष्कळदा ‘ळ’ असतो, हे त्याला कुणी उघड करून दाखवलेलं नाही. डोया–डोळा, फया–फळा, काया–काळा अशा जोड्या मांडून हे आठवडाभरात शिकवता येतं. घरची बोली अशुद्ध ठरवायची मुळीच गरज पडत नाही.

दुसरे म्हणतात, बाराखडी घोकून आमच्या पिढ्या शिकल्या. ज्या शिकल्या त्या शिकल्या. गळाले ते संत्र्याच्या बागेत मजुरीला गेले, त्यांची मोजदाद कुणी ठेवली? 34 व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे 408 आकृत्या, आणि तोवर अर्थाचा एकही शब्द हाती नाही. त्यापेक्षा म, क, र आणि काना एवढंच घ्या. मामा, काका, मका, काम, राम. पहिल्याच आठवड्यात पोर वाचू लागतं.

तिसरा पक्ष मला जवळचा आहे, म्हणून त्याच्याशी भांडताना जड जातं. मुलांना गोष्टी वाचून दाखवा, वाचन आपोआप येईल, असं तो म्हणतो. गोष्टीनं ओढ लागते, हे अगदी खरं. पण बोलणं ऐकून ऐकून येतं, तशी लिपी येत नाही. ती माणसानं घडवलेली आहे, कुणीतरी ती उलगडून दाखवावी लागते. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांनी वंचित वस्तीतल्या मुलांना शिकवताना दोन्ही धागे एकत्र विणले : अक्षरांचे छोटे गट, त्यांतून लगेच शब्द, आणि जोडीला भरपूर गप्पा नि पुस्तकं. 1986 मध्ये तिथं कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीनंही 2000 साली अनेक प्रयोग तपासून ध्वनींच्या क्रमबद्ध शिकवणीच्या बाजूनंच कौल दिला.

‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकली ती शंभरात सत्तावीस. उरलेल्या त्र्याहत्तरांना मंदबुद्धी म्हणायची कुणाची छाती आहे?

शुद्धलेखनाचंही तेच. 1962 चे नियम आपण पाठ करायला देतो, ऐकवत नाही. फूल–फुलाला, मूल–मुलाला, गरीब–गरिबाला. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की त्याआधीचा इकार-उकार सहसा लांबतो, पुढं प्रत्यय आला की आखडतो. तत्सम शब्दांचे अपवाद नंतर सांगता येतील. ‘चांदूर’ म्हणा आणि दू वर हात ताणा; ‘चांदुरात’ म्हणा आणि हात आवरा. दुसरीतल्या पोरीला हे कळतं. त्याला एक फळा लागतो, आणि रोजची पंधरा मिनिटं.