मेंदूतल्या निजलेल्या पेशी

कॅल्शियम म्हटले की आम्हांला हाडे आणि दूध आठवते. पण मेंदूतही त्याचे काम आहे. पूर्ण वाढलेल्या उंदराच्या मेंदूत काही मूळपेशी निजून असतात; जागल्या की त्यांच्यापासून नव्या मज्जापेशी तयार होतात. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखविले, की निजलेल्या पेशीतला कॅल्शियमचा चढउतार वेगळा, जागलेल्या पेशीतला वेगळा. प्रकाशाच्या युक्तीने निजलेल्यासारखा चढउतार घडवीत राहिले, तर पेशी जागलीच नाही! अंधारात सुटणारे मेलॅटोनिनही तिला निजविते.

खाण्यातल्या कॅल्शियमचा हा प्रयोग नव्हे. पोराची बुद्धी वाढेल म्हणून कोणी कॅल्शियमची बाटली पुढे केली, तर आईबापांनो, पैसे कनवटीलाच राहू द्या. माणसात मोठेपणी नव्या मज्जापेशी जन्मतात की नाही, यावर शास्त्रज्ञांचेच अजून एकमत नाही.