धावत्या मोटारीचे चित्र

वेग डोळ्यांस दिसतो, कानांस ऐकू येतो, वाऱ्याच्या झोतासारखा अंगावरही येतो. परंतु तो कागदावर उतरवू म्हटले म्हणजे हाती लागत नाही. शहरातील रस्त्यांवर भरणाऱ्या मोटारींच्या शर्यती पाहून परतलेल्या तरुणांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांस ह्याचा अनुभव असेलच. मुलगा सांगत असतो की ही गाडी ताशी दोनशे किलोमीटरने गेली. आणि चित्रात पाहावे तर ती वाड्याच्या दारापुढे उभी करून ठेवल्यासारखी स्वस्थ! चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा, टायरवरील अक्षरे वाचावी, इतके चित्र स्वच्छ असते. आणि नेमका त्या स्वच्छतेतच वेग नाहीसा झालेला असतो. आजी सहज विचारते, "ही मध्येच बंद का पडली रे?" आणि नातू हिरमुसला होतो.

आजीच्या ह्या साध्या प्रश्नात छायाचित्रकलेतील एक मोठा प्रश्न दडलेला आहे, व ह्या महिन्यात त्याचाच थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात हरिणामागे धावणाऱ्या दुष्यंताच्या रथाचे वर्णन आहे. रथ घटकेत किती कोस गेला हे कालिदास सांगत नाही. रथातून पाहणाऱ्यास भोवतालचे जग कसे विपरीत दिसू लागते, लहान दिसणारे एकाएकी कसे मोठे होते, वाकडे ते सरळ कसे भासते, एवढेच तो सांगतो. आणि तेवढ्याने रथ आपल्या डोळ्यांपुढून धावत जातो. वेग वर्णावयाचा तर धावणाऱ्या वस्तूच्या भोवती काय घडते ते पाहावे, असे हे मर्म आहे. कालिदासाचे नावही ज्याच्या कानावर कदाचित आले नसेल अशा एका फ्रेंच मुलाने हेच मर्म कॅमेऱ्याने सिद्ध करून दाखविले.

जाक आंरी लार्तीग ह्यांचा जन्म १८९४ सालचा, सधन घरातला. वडिलांस छायाचित्रांचा नाद होता, व त्यांनीच मुलाच्या हाती आठव्या वर्षाच्या सुमारास कॅमेरा दिला. मुलाने घरातील मंडळींच्या उड्या, भावाची घरगुती विमाने, रस्त्यावरील मोटारी, जे जे म्हणून धावे वा उडे ते सारे टिपले व वह्यांत डकवून ठेविले. फ्रेंच मोटार-संघाची मोठी शर्यत त्या काळी सार्वजनिक रस्ते अडवून भरत असे. अशाच एका शर्यतीत कडेला उभे राहून ह्या तरुणाने एक चित्र घेतले. गाडीचा पुढील अर्धा भाग चित्राच्या कडेबाहेर निसटलेला. मागचे चाक वाटोळे न राहता लांबट होऊन पुढे झुकलेले. आणि रस्त्याकाठची माणसे व खांब उलट दिशेस, जणू वादळात सापडल्याप्रमाणे, मागे कललेले. चित्र बिघडले असेच त्यास तेव्हा वाटले, आणि पुष्कळ वर्षे ते बाजूस पडून राहिले.

हा चमत्कार कसा घडला हे समजून घेण्यासारखे आहे. त्या जातीच्या कॅमेऱ्यात काचेच्या लगत एक कापडी पडदा असे व त्यास एक आडवी फट असे. कळ दाबताच ती फट वरून खाली सरके. म्हणजे सबंध चित्र एकाच क्षणी न उमटता पट्ट्यापट्ट्यांनी उमटे. भिंगातून पडणारी प्रतिमा उलटी असल्यामुळे जमीन प्रथम उमटे व आकाश शेवटी. चाकाचा तळ काचेवर उमटला तेव्हा गाडी एका जागी होती. माथा उमटेपर्यंत ती पुढे गेलेली होती. म्हणून चाक पुढे झुकले. इकडे मुलगा गाडीच्या रोखाने कॅमेरा वळवीत होता, मात्र गाडीइतक्या त्वरेने तो वळत नव्हता. त्यामुळे उभ्या माणसांचे पाय एका ठिकाणी उमटले व डोकी थोडी मागे राहिली. यंत्राचा दोष व हाताची अपुरी चपळाई ह्या दोहोंनी मिळून जे केले ते निर्दोष यंत्रास साधले नसते. पळत्या मोटारीचे चित्र काढताना चाके पुढे कललेली काढण्याची व्यंगचित्रकारांची रीत आपल्या परिचयाची आहे. त्या कललेल्या चाकांचे हे छायाचित्रातील रूप होय. मौजेची गोष्ट ही की, आपल्या खिशातील मोबाइलचा कॅमेराही चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो; म्हणून आगगाडीच्या खिडकीतून टिपलेले विजेचे खांब त्यातही तिरपे येतात. शंभर वर्षांपूर्वीची ती फट कापडाची होती, आताची विजेची आहे, एवढाच फरक.

१९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जॉन शार्कोव्हस्की ह्यांनी लार्तीग ह्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा चित्रकर्त्याचे वय ६९ होते. त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाच्या ज्या अंकात अध्यक्ष केनेडी ह्यांच्या हत्येचे वृत्त होते त्याच अंकात ही चित्रेही छापून आली व घरोघर गेली. मुलाने हौसेने डकविलेल्या घरगुती वह्या अशा रीतीने कलेच्या इतिहासात जमा झाल्या.

ह्या चित्राखाली मात्र साल १९१२ व गाडी 'दलाज' असे कित्येक वर्षे छापले जात होते. पुढे अभ्यासकांनी गाडीची बांधणी व तिच्या मागील ६ हा आकडा ताडून पाहिला, तेव्हा ती १९१३ साली आमियाँ येथे धावलेली 'श्नायडर' गाडी होय असे दिसून आले. रोजनिशी लिहिणाऱ्या नेटक्या माणसाच्या हातूनही एका वर्षाचा घोटाळा होतो, मग आपल्या घरच्या ट्रंकेतील चित्रांची काय कथा! तारीख आता यंत्र आपोआप नोंदते हे खरे. परंतु गाडी कोणती, वळण कोणते, शेजारी उभा असलेला तो भाचा की पुतण्या, हे यंत्रास ठाऊक नसते. ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

आता हौशी मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ताशी १८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ५० मीटर जाते. सेकंदाच्या १/२००० भागात ती अवघी अडीच सेंटीमीटर सरकते. म्हणून त्या मापाने घेतलेल्या चित्रात ती उभी दिसते. १/६० भागात ती सुमारे ८३ सेंटीमीटर जाते. कॅमेरा स्थिर धरला तर नुसता रंगाचा फराटा उमटेल. ह्यावर तोड ही की १/६० किंवा १/१२५ हे माप ठेवावे आणि कॅमेरा गाडीबरोबर वळवावा. पाय रोवून, कोपरे अंगाशी घेऊन, कमरेपासून वळावे. गाडी दुरून येताना दिसली की तिला दृष्टीत धरावी, समोर येताच कळ दाबावी, आणि कळ दाबल्यावरही वळणे थांबवू नये. असे केले म्हणजे गाडी स्पष्ट उमटते, चाके गरगरतात, आणि मागील भिंती, झाडे व माणसे आडव्या रेषांत विरून जातात. पहिल्या पन्नास चित्रांत एक साधले तरी नशीब समजावे. संरक्षक जाळी आड येत असेल तर भिंग जाळीच्या अगदी जवळ न्यावे व भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे. तारा विरघळून दिसेनाशा होतात. मात्र जाळीस टेकून उभे राहण्याची अनुज्ञा आहे की नाही, हे आधी विचारावे.

ह्या शेवटच्या वाक्यापाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. कारण चित्र कसे घ्यावे ह्याहून ते कोठून घ्यावे हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

२४ मे १९०३ रोजी व्हर्सायहून निघालेली पॅरिस-माद्रिद शर्यत उघड्या रस्त्यांवर धावली. लोक रस्त्यातच उभे राहत, धुरळ्यातून गाडी दिसली की दुभंगून वाट देत, व ती जाताच पुन्हा एकत्र येत. मोर्स गाडीच्या गाब्रिएलने बोर्दोपर्यंतचे अंतर सरासरी ताशी १०५ किलोमीटरने तोडले. परंतु त्या एका दिवसात इतके अपघात झाले, मार्सेल रनो ह्यांच्यासह इतके बळी पडले, की फ्रेंच सरकारने बोर्दो येथेच शर्यत बंद पाडली, आणि त्या अजिंक्य मोटारी घोड्यांकरवी ओढीत रेल्वेच्या स्थानकावर न्याव्या लागल्या. इटलीतील 'मिल्ले मिल्या' ही १९२७ साली सुरू झालेली शर्यत ब्रेशाहून रोमपर्यंत व परत अशी सुमारे १६०० किलोमीटर गावागावांतून जाई. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ द पोर्तागो ह्यांच्या गाडीचा टायर फुटला. ते स्वतः, त्यांचा सोबती व रस्त्याकाठचे नऊ प्रेक्षक गेले. त्या नवांपैकी पाच मुले होती. त्या वर्षानंतर ती शर्यत पूर्वीच्या रूपात भरली नाही. ही मुले कोणाच्या तरी घरून सकाळी गंमत पाहावयास निघाली असतील, आणि लवकर परत या असे कोणी तरी त्यांस सांगितलेही असेल.

तथापि रस्त्यावरील शर्यत म्हणजे अनर्थच असे आमचे म्हणणे नाही. मोनाको शहराच्या गल्ल्यांतून १९२९ सालापासून मोटारी धावत आल्या आहेत. तेथील वाट अवघी ३.३३७ किलोमीटरची आहे, पण तिच्या दोन्ही अंगांस लोखंडी कठडे असतात, आणि छायाचित्रकारास परवान्याचा अंगरखा घालून नेमल्या जागीच उभे राहावे लागते. आपल्याकडे हैदराबादेस ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली व फ्रान्सचे व्हेर्न ती जिंकले. चेन्नईतही २०२४ साली रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली. अशा ठिकाणी आपल्या मुलांनी अवश्य जावे, कठड्याआडून पाहावे व मनसोक्त चित्रे घ्यावी.

आमचा रोख दुसरीकडे आहे. मध्यरात्री मोकळ्या पुलांवर व हमरस्त्यांवर काही तरुण परस्पर पैजा मारून गाड्या पळवितात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये सरकारच्या लेखी संमतीवाचून अशी शर्यत करणे हा गुन्हा आहे, हे त्यांस ठाऊक असते. तेथे एक मुलगा स्वतः गाडी चालवीत नाही. तो नुसता कडेला कॅमेरा घेऊन उभा असतो. घरी विचारले तर म्हणतो, "मी कोठे पळवतो? मी केवळ चित्र घेतो." हे उत्तर वरवर निरुत्तर करणारे आहे, पण खरे नाही. ती गाडी एवढ्या त्वरेने पळते ती पुष्कळ अंशी त्या कॅमेऱ्यासाठीच पळते. उद्या चित्र सर्वत्र जाईल, चार लोक वाहवा करतील, ह्या आशेने चालविणारा पाय आणखी दाबतो. कॅमेरा तेथून निघून गेला तर कित्येक पैजा लागणारच नाहीत. लार्तीग उभे होते तेथील शर्यत त्यांच्यासाठी धावत नव्हती. ते नसते तरी ती झालीच असती. साक्षीदार आणि चिथावणी देणारा ह्यांतील भेद तो हाच.

घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, मुलाचा कॅमेरा काढून घेऊ नये. काढून घेतलेली वस्तू लपून वापरली जाते, व लपून केलेल्या गोष्टीत सांभाळणारे कोणी नसते. त्याऐवजी त्याने आणलेले चित्र हाती घेऊन नीट पाहावे, आणि गाडी कोणती हे विचारण्यापूर्वी "हे घेताना तू कोठे उभा होतास?" असे विचारावे. ज्या चित्राच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर मुलगा सरळ डोळ्यांस डोळा देऊन सांगू शकेल, ते चित्र थोडे हललेले असले तरी दिवाणखान्यात लावावे.