डोंगर दोघांचा, तपासणी एकाचीच?

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ओपीडीत एक जोडपे आले. लग्नाला पंचवीस वर्षे होत होती. मुलांनी भंडारदऱ्याला दोन रात्रींचे बुकिंग करून दिले होते. एक दिवस पाण्याकाठी आराम आणि दुसऱ्या दिवशी कळसूबाई, असा बेत होता. ‘‘डॉक्टर, शुगर आहे ना मला, म्हणून एकदा ईसीजी काढून द्या,’’ भाऊ म्हणाले. ताई त्यांची फाइल मांडीवर घेऊन बाजूला बसल्या होत्या.

‘‘ताई, तुमचं काय?’’

‘‘मला काही नाही. मी यांच्यासोबत आले.’’

जिना चढताना दम लागतो का, असे विचारले. ‘‘लागतो थोडा. आता वय झालं ना,’’ त्या म्हणाल्या. वय होते ४८. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.८ निघाले. भाऊंचा ईसीजी व्यवस्थित होता.

हा अनुभव एकट्याचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तरी सहलीआधी तपासून घ्यायला येतात ते बहुधा पुरुष. बायको डबा भरते, गोळ्यांची पिशवी सांभाळते आणि स्वतःला लागणारा दम घरकामाच्या खात्यात टाकते. लग्नाचा वाढदिवस दोघांचा आहे, तर तपासणीही दोघांची व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

याला कारण आहे. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या बारी गावातून माथ्यापर्यंत सुमारे आठशे मीटर चढावे लागते. एक मजला तीन मीटरचा धरला, तर हे अडीचशेहून अधिक मजले झाले. मध्ये लोखंडी शिड्या आहेत. सपाटीवर रमतगमत चालताना शरीराला विश्रांतीच्या तिप्पट प्राणवायू लागतो. डोंगर चढताना तो सहा ते आठपट लागतो. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच बारा-तेराऐवजी आठ असेल, तर ती तूट भरून काढायला हृदयाला जास्त वेगाने धावावे लागते. हृदयात आधीच काही दोष असेल, तर तो अशा वेळी उघडा पडतो, आणि तोही शिडीवर, दवाखान्यापासून काही तास दूर.

आपल्याकडे ‘आम्ही रोज फिरतो’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांचे मला कौतुकच आहे. पण ते चालणे सपाटीवरचे. डोंगराला लागणारी ताकद वेगळी, आणि उतरायला लागणारी आणखी वेगळी. चढताना दम लागतो, पण स्नायू दुखावतात ते उतरताना. मांडीचे स्नायू त्या वेळी ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. हे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. मात्र असा व्यायाम आधी थोडाथोडा झालेला असेल, तर पुढच्या वेळी इजा खूपच कमी होते. म्हणून आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा जिने चढा, आणि लिफ्टने न येता पायीच उतरा. शेवटच्या महिन्यात एखाद्या रविवारी धुळ्याजवळचा लळिंग किल्ला किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरातील चढ करून पाहा. तिथे चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर कळसूबाईचा बेत पुढे ढकला.

छातीवर दडपण, जबडा किंवा हातात जाणारी कळ, चालले की येणारा आणि थांबले की जाणारा त्रास, कारणाविना घाम, चक्कर, यांपैकी काहीही असेल तर सहलीआधी डॉक्टरांकडे जायला हवे. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन निघू नका. साधा ईसीजी विश्रांतीच्या वेळचा असतो. तो चांगला आला म्हणजे डोंगराचा परवाना मिळाला, असे नाही. गरज वाटली तर डॉक्टर ट्रेडमिल चाचणी सांगतील.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चढाईत एकदम घसरू शकते. स्नायू पुढचे काही तास साखर ओढत राहतात, त्यामुळे त्रास रात्री झोपेतही होऊ शकतो. त्या दिवशीचा डोस किती घ्यायचा, हे आधी विचारून घ्या. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि ते कधी द्यायचे हे जोडीदारालाही सांगून ठेवा.

आता तारखेविषयी. खान्देशातली लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे. म्हणजे वाढदिवसही भर उन्हाळ्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना. डोंगराला तुमची तारीख ठाऊक नसते. वाढदिवस घरी मुलांसोबत साजरा करा आणि सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यात धबधबे सुंदर दिसतात, पण ओल्या शिड्या आणि शेवाळलेले दगड पन्नाशीतल्या गुडघ्यांसाठी नाहीत.

बेत आखताना क्रमही महत्त्वाचा. जळगावहून धुळे, मालेगाव, नाशिक, घोटी असा सात-आठ तासांचा प्रवास होतो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. पहिला दिवस पाण्याकाठीच घालवा. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या प्रवरेवरील विल्सन धरणाचा तो जलाशय निवांत बसण्यासाठीच आहे. मात्र अनोळखी पाण्यात उतरू नका, मद्य घेतले असेल तर अजिबातच नाही. रात्री हलके जेवा आणि वेळेवर झोपा. दुसऱ्या दिवशी उजाडताच चढायला लागा. सोबत प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. तिसरा दिवस पुन्हा तलावाकाठी. डोंगर उतरून थेट गाडी हाकत घरी निघण्याचा अट्टहास नको.

गुडघे साथ देत नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळला गाडी वरपर्यंत जाते, यशवंत तलाव आहे, सातपुड्याची हवा आहे. तिथे डोंगर आणि पाणी दोन्ही मिळतात, चढाईची सक्ती नाही.

अलीकडे काही जोडपी थेट काश्मीर-लडाखला जातात. तिथला नियम वेगळा. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा आजार होऊ शकतो. श्रीनगरचा दल सरोवर त्याखाली आहे, पण गुलमर्ग त्यावर, आणि तिथला रोपवे चार हजार मीटरच्या जवळ नेतो. लेह सुमारे ३५०० मीटरवर. विमानाने तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीच हवी. डोके दुखणे, मळमळ वाढत गेली तर आणखी वर जायचे नाही, खाली उतरायचे. कळसूबाईवर ही भीती नाही, तिथला दम हा आपल्याच तब्येतीचा हिशोब असतो.

त्या ताईंचे काय झाले? मासिक पाळीतील अतिरक्तस्राव वर्षानुवर्षे अंगावर काढलेला होता. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर आले. त्या रोज जिना चढू लागल्या. बुकिंग पुढे ढकलून दोघे फेब्रुवारीत गेले. ताई माथ्यावर पोहोचल्या. भाऊंचा गुडघा मात्र उतरताना धरला. जिन्याचा सराव त्यांनी केला नव्हता. ईसीजी चांगला आला होता ना!

सहलीचे बुकिंग करण्याआधी दोघांनीही रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही या साध्या तपासण्या होतात. आणि नोंदणीच्या खिडकीवर पहिला केसपेपर बायकोच्या नावाचा काढा.