एकास बहात्तर

सहा फुटी माणसाला एक इंच उंचीचा करायचे असेल तर त्याला बहात्तर पटींनी लहान करावे लागते. हा हिशेब इंग्रजांचा. त्यांचा फूट बारा इंचांचा असल्यामुळे तो त्यांना सोयीचा वाटला. १९३६ साली इंग्लंडात विमानांच्या प्रतिकृतींचे प्लास्टिकचे पहिले संच निघाले ते याच मापाचे. त्यांना नाव दिले होते 'पेंग्विन', कारण पेंग्विन हा पक्षी असूनही उडत नाही! पुढे जग मीटर-सेंटिमीटरवर आले, राज्ये गेली, पौंड-शिलिंगांचे हिशेब बदलले; पण चिमुकल्या विमानांच्या दुनियेत एकास बहात्तर हे प्रमाण टिकून राहिले.

हे सारे मला आज तोंडपाठ आहे याचे कारण, गेले काही महिने आमच्या कोरपन्याच्या घरात जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा या प्रमाणाने बळकावलेला आहे. चिरंजीवांच्या मामाने मुंबईहून 'नॅट' या लढाऊ विमानाचा संच पाठवला, आणि मराठीचा हा प्राध्यापक, ज्याने आजवर भिंतीत खिळासुद्धा दुसऱ्याकडून ठोकून घेतला, त्या उद्योगात मदतनीस म्हणून भरती झाला. या सदरात मी आजवर अनेक गोष्टींबद्दल कुरकूर केली आहे. पण एवढ्याशा खोक्यात इतका वैताग दाबून भरलेला मी प्रथमच पाहिला.

या छंदातल्या सगळ्या दुःखांचे मूळ एकच आहे. विमान बहात्तर पटींनी लहान होते. आपली बोटे होत नाहीत. माझ्या अंगठ्याची रुंदी पाऊण इंच धरली, तर त्या विमानाच्या दुनियेत तो साडेचार फूट रुंदीचा ओंडका ठरतो. अशा ओंडक्यांनी वैमानिकाच्या समोरची कळ बसवायची! बरे, बोटांचे सोडा; धूळ तरी कुठे लहान होते? पाव मिलिमीटरचा धुळीचा कण ओल्या रंगावर बसला, की त्या मापाने पंखावर रस्त्याच्या खडीतला एक दगड येऊन पडलेला असतो. प्लास्टिकसुद्धा लहान होत नाही. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हणजे जवळजवळ तीन इंच जाडीची भिंत. खऱ्या विमानाला असा पत्रा लावला असता तर ते धावपट्टीवरच बसून राहिले असते.

आता हे संच सुट्या भागांतच का मिळतात, तेही सांगतो. १९३९ साली निघालेल्या 'एअरफिक्स' या इंग्रज कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची एक लहान प्रतिकृती काढली. ज्या फर्ग्युसनचे नाव आमच्याकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्यालाही माहीत आहे, तोच हा ट्रॅक्टर. आधी ती विक्रेत्यांना वाटण्यासाठी होती. पुढे खर्च कमी व्हावा आणि खप वाढावा म्हणून ती सुट्या भागांत विकायला काढली. म्हणजे पाहा, जोडण्याची मजुरी गिऱ्हाइकाने करायची आणि वर पैसेही त्यानेच द्यायचे. व्यापाराच्या इतिहासात याहून चतुर कल्पना मला तरी ठाऊक नाही. लग्नघरी पाहुण्यालाच पोळ्या लाटायला बसवावे आणि शिवाय त्याच्याकडून आहेर घ्यावा, तसा हा प्रकार.

खोके उघडले की वेलीला शेंगा लागाव्यात तसे प्लास्टिकच्या दांड्यांना लटकलेले भाग दिसतात. त्यातला एक भाग नेलकटरने तोडला, की तो 'टिक्' असा आवाज करून अंतर्धान पावतो. कुठे जातो, हे कोणालाच दिसत नाही. मग टॉर्च येतो, खाट सरकते, सतरंजी झटकली जाते. सौभाग्यवतींनी या कामासाठी कुंकवाची एक जुनी डबी राखून ठेवली आहे. केर काढताना सापडलेला प्रत्येक संशयित तुकडा त्या डबीत जातो. आज तीत सतरा तुकडे आहेत, आणि त्यांतला एकही आमच्या विमानाचा नाही. मग ते कोणाचे? माझ्या मते एक पेनच्या टोपणाचा असावा. बाकीच्यांबद्दल घरात एकवाक्यता नाही.

दुसरे संकट सूचनापत्रिकेचे. एके काळी अशा पत्रिकांतून वाक्ये असत म्हणे. आता सगळ्या देशांत खपावे म्हणून भाषाच काढून टाकली आहे. उरले आहेत फक्त बाण, आकडे आणि एक ठिपक्यांची रेघ. जन्मभर मी मुलांना अन्वय लावायला शिकवले. पण ज्या ग्रंथात क्रियापदच नाही, त्याचा अन्वय लावायचा कसा? चिरंजीवांना मात्र तो ग्रंथ सहज वाचता येतो.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर संधीबद्दल बोलतो. विद्या आणि आलय जवळ आले की 'विद्यालय' होते, आणि सांधा कुठे होता ते कोणाला दिसतही नाही. प्लास्टिकची संधी इतकी गुणी नसते. विमानाचा डावा अर्धा भाग आणि उजवा अर्धा भाग एकत्र आले, की नाकापासून शेपटीपर्यंत एक फट पडते. ती बुजवायला रंगारी लोक भिंतीला भरतात तशी लांबी भरायची, ती वाळू द्यायची, मग पॉलिशपेपरने घासायची. घासता घासता शेजारच्या नाजूक रेघाही पुसल्या जातात. शेवटी रंग लावल्यावर कळते, की फट अजून तिथेच आहे. त्यातून आमच्या विमानाला द्यायचा रंग चंदेरी, कारण १९६५ च्या युद्धातली आपली नॅट विमाने चंदेरी होती. चंदेरी रंगाइतका चुगलखोर रंग दुसरा नाही. खाली एक ओरखडा असला, तर तो चार लोकांना बोलावून दाखवतो.

हे भाग ज्या द्रवाने चिकटवायचे त्याला इंग्रजीत 'सिमेंट' म्हणतात. खरे तर ते चिकटवत नाही. प्लास्टिकचे दोन्ही काठ ते विरघळवते आणि मग ते एकजीव होतात. हे सिमेंट आम्हाला बाहेरगावाहून मागवावे लागले. पार्सल घेऊन आलेल्या पोस्टमनला मी कौतुकाने आत काय आहे ते सांगितले. तो माझ्याकडे बघतच राहिला. आवारपूर, उपरवाही, नारंडा, गडचांदूर – आमच्या तालुक्यात जिकडे पाहावे तिकडे सिमेंटचे कारखाने. चुनखडीच्या टेकड्या फोडून मालगाड्याच्या मालगाड्या भरून इथून सिमेंट देशभर जाते. त्या कोरपन्यात एका मास्तराने बोटभर बाटलीतले सिमेंट पोस्टाने मागवावे! "सर, आपल्याकडचं संपलं का?" असे त्याने अगदी गंभीरपणे विचारले.

या बोटभर बाटलीचा एक थेंब वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर सांडला, की ते झाकण मोतीबिंदू झाल्यासारखे होते, आणि त्यावर शस्त्रक्रिया नाही. मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तेव्हा रंग कुंचल्यावरच वाळतो. पंखा लावावा तर धूळ उडते आणि सुटे भाग जागा सोडतात. पंखा बंद करावा तर कपाळावरचा घाम नेमका पंखावर पडतो. वीज गेली की हा प्रश्न आपोआप सुटतो, पण मग दिसत नाही.

शेवटचे म्हणजे ती पाण्यात भिजवून सोडवायची चित्रे. आपल्या वायुदलाचे चक्र बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे. आमच्या संचातले चक्र पाण्यात पडताच त्याचे पाच तुकडे झाले. ते जुळवून बसवायला एक अख्खा रविवार गेला.

आणि तोल? तीन चाकांच्या या विमानाच्या नाकात वजन भरले नाही, तर ते शेपटीवर बसते आणि नाक आकाशाकडे करून आपल्याकडे तुच्छतेने पाहते. चिरंजीवांनी हे आधीच वाचून ठेवले होते. पैनगंगेवर जाळे टाकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जाळ्याचे शिसे मागून आणले आणि नाकात दडवले. या निमित्ताने आम्ही एक गणितही केले. भरलेल्या खऱ्या नॅटचे वजन चार हजार किलोंच्या आसपास. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी ते बहात्तर पटींनी लहान केले, तर वजन ३,७३,२४८ पटींनी कमी होते. म्हणजे उरते जेमतेम अकरा ग्रॅम. चार हजार किलोंचे अकरा ग्रॅम झाले, वैतागात मात्र एका ग्रॅमचीही घट नाही.

एकदा दाराची बिजागरी दुरुस्त करायला आलेला सुतार हे सारे निरखत उभा राहिला. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले घरोघर हिंडतात आणि बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजी राजांनी ही प्रथा सुरू केली असे सांगतात. हा सुतार असे बैल दर वर्षी करतो. तो म्हणाला, "सर, येवढं बारीक कायले करता जी? बैल वळखू आला म्हनजे झालं."

बोलणे लाख मोलाचे होते. त्याच्या बैलाचे वशिंड पोटाएवढे असते, पायांच्या जागी चाके असतात, तरी त्याला बैल न म्हणणारे पोर अजून जन्माला यायचे आहे. पुण्या-मुंबईकडच्या माझ्या वाचकांच्या अंगणात या आठवड्यात मातीचे किल्ले उभे असतील. त्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो, तोफेपेक्षा वाघ मोठा असतो, आणि महाराज सिंहासनावर बसले की निम्मा गड झाकून जातो. कोणाचे काही बिघडते का? उलट त्या पुण्यातच, अस्सल मापाची आगगाडी चालवणारे भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि तिथेही मुलांची रीघ असते. म्हणजे मापात बसणारे आणि मापात न बसणारे, दोन्ही खेळ आपल्याला हवे आहेत. मातीच्या किल्ल्यात आपण मनातला मोठेपणा मोजतो. संचात मात्र वस्तू जशी होती तशी मान्य करावी लागते. तिथे मनाचे काही चालत नाही. छळ होतो तो त्यामुळेच.

हे मी सुतारापाशी बोललो नाही, पण त्याचा प्रश्न माझ्या मनात राहिला. पुढच्या आठवड्यात चिरंजीव विमानाची बैठक रंगवत बसले होते. बैठक म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा. त्यावर दातकोरणीच्या टोकाने ते पट्टे काढत होते. पहिला पट्टा वाकडा गेला, पुसला. दुसरा जाड झाला, पुसला. रात्रीचे दहा वाजले होते. झाकण तर त्या थेंबाने आधीच धुरकट झालेले. मी म्हटले, "अरे, झाकण बसलं की यातलं काय दिसणार आहे? कोणाला दिसणार आहे?"

त्याने मान वर न करता उत्तर दिले, "बाबा, आत बसलेल्याला दिसतं ना."

आत बसलेला कोण, हे त्याने मला महिन्यापूर्वीच सांगितले होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबर विमानांचा हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आपले नॅट घेऊन वर गेले आणि एकाकी झुंजत पडले. वायुदलात परमवीरचक्र मिळालेले ते आजवरचे एकटेच. जेमतेम नऊ मीटर लांबीच्या त्या विमानात, अशाच एका अरुंद बैठकीवर, असेच पट्टे बांधून ते बसले असतील. मुलाच्या लेखी ती बैठक तांदळाच्या दाण्यांएवढी नव्हतीच. तो ती बहात्तर पटींनी मोठी पाहत होता.

मी टेबलावरचा दिवा त्याच्या जरा जवळ सरकवला. तिसरा पट्टा बरा आला. चौथ्याला अकरा वाजले.

विमान आता पुस्तकांच्या कपाटावर उभे आहे. पोटाखालची फट आहे, चक्राचा एक तुकडा किंचित तिरका आहे, आणि पुढच्या चाकाचे एक झाकण कुंकवाच्या डबीतही सापडले नाही. येत्या जूनमध्ये चिरंजीव शिक्षणासाठी नागपूरला जातील. विमान नेणार का, असे मी विचारले तर म्हणाले, "नको, प्रवासात मोडेल. इथंच असू दे." आलेगेले लोक ते हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, "छान आहे, पण आतलं काही दिसत नाही." मी मान डोलावतो.

तर मंडळी, या दिवाळीत तुमच्याही घरी मामाने किंवा काकाने असा एखादा संच पाठवला असेल. फराळाच्या ताटापासून तो चार हात दूर ठेवा, केरसुणी जपून फिरवा, आणि सापडेल तो तुकडा डबीत टाकत चला. फक्त रात्री दहा वाजता कोणी आत काही रंगवत बसलेले दिसले, तर ते कोणाला दिसणार आहे, असे तेवढे विचारू नका.