मेलेल्यांचे ऐकायचे की नाही?

परवा आमच्या वाचनालयातील व्याख्यानात एका विद्वानांनी जपानचे ‘नोह’ आणि कोरियाचे ‘गुत’ एका वाक्यात निकालात काढले. मेलेली माणसे उठून बसतात, ही सरंजामी भुताटकी. आपण तिच्यातून काय घ्यायचे? टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात नोहमध्ये मेलेला उठून बसतच नाही. झेआमीचे ‘अत्सुमोरी’ घ्या. ११८४ च्या इचिनोतानीच्या लढाईत कुमागाईने कोवळ्या अत्सुमोरीचे मस्तक उतरवले आणि पुढे पश्चात्तापाने तो भिक्षू झाला. नाटकात तो त्याच जागी प्रार्थनेसाठी येतो. तिथे गवत कापणाऱ्यांतला एकजण बासरीबद्दल बोलत थांबतो, तोच अत्सुमोरी. अखेरीस आपल्या मरणाची हकीकत सांगता सांगता तो मारणाऱ्यावर तलवार उगारतो आणि हा आता वैरी नाही, हे ओळखून थांबतो. यात पुनरुज्जीवन कुठे आले? मारणाऱ्याला मेलेल्याचे ऐकून घ्यावे लागते, एवढेच. आणि हे ‘एवढेच’ जिवंतपणी किती जणांच्या वाट्याला येते, ते वाचकांनीच सांगावे.

कोरियात मात्र खरोखर जिवंत होणारे आहेत. टाकून दिलेली सातवी मुलगी बारी परलोकातून औषधी पाणी आणते आणि आईबापांना उठवते. मुदांग स्त्रिया ही कथा गातात ती मृताची पाठवणी करताना! जिंदो बेटावरच्या गुतात कापडाच्या गाठी एकेक करून सोडतात, मृताच्या मनातल्या गाठी सुटाव्यात म्हणून.

आता गंमत पाहा. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारने अंधश्रद्धा म्हणून मुदांगांच्या मागे ससेमिरा लावला; आणि १९८० मध्ये जिंदोच्या याच विधीला सरकारी वारशाचा शिक्का मिळाला. जेजू बेटावर १९४८ नंतर हजारो माणसे मारली गेली. त्यांच्यासाठी उघड रडायची कित्येक वर्षे चोरी होती. गुतात मात्र मुदांगाच्या तोंडून ती माणसे बोलत राहिली. १९८७ मध्ये अश्रुधुराचे नळकांडे लागून ई हान-योल हा विद्यार्थी गेला, तेव्हा नर्तकी ई ए-जू त्याच्या अंत्ययात्रेत नाचली. ही भुताटकी की फिर्याद?

व्याख्यानानंतर मी त्या विद्वानांना गाठून विचारले, यातले एखादे तरी नाटक आपण वाचले आहे काय? म्हणाले, ‘सवड झाली नाही.’